मांडवात सगळ्यांना येता यावं म्हणून: रॅम्प, रांग, आवाज आणि बाकीचं

नारळफोड्या
मंडळी, यंदा आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत ठरलंय की व्हीलचेअरवरचा, काठी घेऊन येणारा, ऐकू न येणारा, कुणीही असो, त्याला मांडवात येऊन आरती संपेपर्यंत थांबता आलं पाहिजे. नुसता गेटवरून नमस्कार नको. जागा अशी: मांडव १२ फूट रुंद, ४० फूट लांब. पाणी शिरू नये म्हणून सगळी जमीन दीड फूट उचललेली. मूर्तीचा चौथरा त्याच्याही वर. मांडववाला म्हणतो, "चार फुटी फळी टाकतो, पोरं ढकलतील." हे चालेल का? आणि रॅम्पशिवाय अजून काय काय लागतं? ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी मापासकट सांगा. भावनिक पोस्टी नकोत.

गुण्या_सुतार
दीड फूट चढायला चार फुटी फळी म्हणजे बावीस अंशांचा चढ. तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. माणूस मागे उलटा पडेल आणि ढकलणारी पोरं त्याच्याखाली येतील.

सोपा हिशोब: इंचाला फूट. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजेच १:१२. दीड फुटाला अठरा फूट. तुमच्या मांडवासमोर एवढी जागा नसणारच, म्हणून रॅम्पवर डोकं लावण्याआधी उंची कमी करा. दीड फूट कशासाठी? पाणी साचत नसेल तर नऊ इंच पुष्कळ झाले. बाकीचे नऊ इंच नुसते भव्य दिसायला असतात. खालून वायरी जातात, त्या कडेने न्या. मूर्तीचा चौथरा हवा तेवढा उंच ठेवा, लांबून दर्शन उलट चांगलं होतं. जमीन नऊ इंचांवर आली की रॅम्प नऊ फुटांवर येतो, सरळ, वळण न घेता.

तयार झाल्यावर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप उघडा आणि फोन फळीवर उताराच्या दिशेने ठेवा. पाच अंशांच्या आत असेल तर पास. १:१२ म्हणजे ४.८ अंश. १:१० केलात तर ५.७ आणि १:८ ला ७.१. मांडववाला "जरासाच जास्त आहे" म्हणतो तेव्हा तो हा 'जरासा' असतो.

नारळफोड्या
नऊ इंच जमतील. सामान किती लागेल तेही सांगा, म्हणजे त्याला कागदच हातात देतो.

गुण्या_सुतार
घ्या. रॅम्प ९ फूट लांब, ४ फूट रुंद.

१९ मिमी प्लायच्या ८ x ४ च्या दोन शीट. दुसरीतला फक्त एक फूट लागेल, उरलेली जपून ठेवा, पुढे तिचं काम निघेल. मांडववाला शटरिंगची १२ मिमीची काळी गुळगुळीत शीट काढून देईल, ती घेऊ नका. पावसात तिच्यावर चप्पलसुद्धा टिकत नाही, चाक काय टिकणार.

खाली ३ x २ इंची वासे उभे धरून चार ओळी, सोळा-सोळा इंचांवर. ओळीखाली दर दोन फुटांवर टेकू. बॅटरीवरची चेअर, त्यातला माणूस आणि मागचा मदतनीस मिळून अडीचशे किलोपर्यंत वजन जातं, आणि ते सगळं चार चाकांच्या चार टिंबांवर येतं. दोन शीट जिथे भेटतात त्या सांध्याखाली आडवा वासा हवाच, नाहीतर एका शीटची कड दबते, दुसरीची वर राहते आणि पुढचं छोटं चाक तिथे अडतं.

खिळे मारू नका. ढोलाच्या हादऱ्याने आणि पायांच्या वर्दळीने ते दोन दिवसांत डोकं वर काढतात आणि टायर पंक्चर होतो. स्क्रू वापरा, डोकी प्लायमध्ये बसवून.

खालचं टोक सगळ्यात जास्त फसतं. प्लायची कड १९ मिमी जाड. उंबरा १२ मिमीच्या वर गेला की व्हीलचेअरचं पुढचं चाक थांबतं आणि माणूस पुढे झुकतो. म्हणून शेवटी ३ मिमी चेकर्ड पत्र्याची एक फूट रुंद पट्टी, रॅम्पला स्क्रूने पक्की, दुसरी कड रस्त्यावर टेकलेली. पट्टीच्या कोपऱ्यांना कानस मारा, पायाला लागतात.

दोन्ही कडांना तीन-चार इंची पट्टी उभी ठोका, चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून. वरच्या टोकाला मांडवात पाच फूट बाय पाच फूट जागा मोकळी: खुर्च्या नाहीत, चपला नाहीत, फुलांच्या पाट्या नाहीत. तिथे चेअर थांबते आणि वळते. खालीही तेवढीच.

पृष्ठभागासाठी ऑइल पेंटमध्ये बारीक चाळलेली वाळू मिसळून एक हात मारा. लाल गालिचा रॅम्पवर अजिबात नको. तो चाकापुढे गोळा होतो.

चाकोरी
वरच्यात कठडा राहिला. दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर: ९०० मिमी आणि ७६० मिमी. खालचा चेअरवर बसलेल्याला आणि मुलांना. पाइपची बाहेरची जाडी ३८ ते ४५ मिमी, म्हणजे मूठ पूर्ण बसते. रॅम्प संपल्यावरही पाइप एक फूट पुढे यायला हवा, कारण शेवटच्या पावलालाच तोल जातो. बांबू चालेल, पण पेरं तासलेली हवीत आणि सुंभ बाहेरच्या बाजूने बांधलेला. आतून बांधला की सरकता हात दर फुटावर अडतो.

आणि हात जोडून विनंती, कठड्यावर झेंडूच्या माळा आणि लायटिंग सोडू नका. तो धरायचा असतो. ओल्या पाइपवर लायटिंगची वायर गुंडाळणं म्हणजे काय, ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

शंकासुर
एवढा खटाटोप कशाला? चार पोरं तैनात ठेवा, चेअरसकट उचलून आत नेतील. सेवाही होते.

चाकोरी
शंकासुरा, चेअर उचलताना पोरं हात कुठे घालतात? हातांच्या टेकूला आणि पायांच्या टेकूला. घडीच्या चेअरचे हे दोन्ही भाग निघणारे असतात. अर्ध्या वाटेत ते हातात येतात आणि माणूस जमिनीवर. उचलायचीच वेळ आली तर मागे दोन हँडल आणि पुढे मुख्य फ्रेमची नळी, एवढंच धरायचं, तेही बसलेल्या माणसाने "हं" म्हटल्यावर. बॅटरीची चेअर तर माणसाशिवायच पन्नास ते शंभर किलो किंवा जास्त असते, ती उचलायचा प्रश्नच नाही.

दुसरं असं, की उचलून नेलेला माणूस पोरं मोकळी होईपर्यंत बाहेर पडू शकत नाही. रॅम्पवरून आलेला त्याला वाटेल तेव्हा जातो. धक्काबुक्की झाली किंवा आग लागली तर यातला फरक कळतो.

घोळक्यातला_एक
आमच्याकडे (म्हणजे शहरात बहुतेक सगळीकडेच) रॅम्प करतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हारवाल्याची टोपली नि तीन ॲक्टिव्हा. प्लायपेक्षा अवघड काम हे आहे.

गुण्या_सुतार
खरंय. पाळीपाळीने एक कार्यकर्ता तिथेच उभा हवा, दुसरा उपाय नाही.

पांढरी_काठी
दृष्टिहीन व्यक्तींच्या बाजूने पाहायचं तर मांडवातला सगळ्यात मोठा धोका जमिनीवर नसतो, तो चेहऱ्यासमोर असतो. पांढरी काठी जमीन चाचपते, कमरेच्या वरचं तिला कळत नाही. मांडवाचे तिरके ताण, दोर आणि टेकवलेले बांबू पायाशी दोन फूट लांब आणि कपाळाशी येऊन ठेपलेले असतात. काठी खालून मोकळी जाते, डोकं आपटतं. उपाय फुकट आहे: ताणाच्या खाली, जिथे त्याची उंची सात फुटांपेक्षा कमी होते तिथे, जमिनीवर कुंडी, विटांची रांग किंवा बॅरिकेड ठेवा. काठी त्याला लागली की माणूस वळतो. कमानी, कंदील, स्पीकरचे स्टँड, सगळं सात फुटांच्या वर किंवा जमिनीपर्यंत टेकलेलं. अधांतरी काही नको.

वायरी जमिनीवरून आडव्या नेऊ नका, वरून न्या. न्याव्याच लागल्या तर उतरत्या कडांच्या रबरी पट्टीखालून. वायरीवर नुसती सतरंजी टाकून झाकणं सगळ्यात वाईट. डोळसालाही दिसत नाही आणि काठीलाही कळत नाही.

गेटपासून मूर्तीपर्यंत काथ्याची दोन फुटी पट्टी अंथरा, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून पक्की. आजूबाजूला गालिचा किंवा प्लाय असला की पायाला आणि काठीला फरक बरोबर लागतो. ती पट्टी म्हणजे वाट. तिच्यावर देणगीपेटी ठेवायची नाही!

दर्शनाचं म्हणाल तर मूर्तीला हात लावू देणं बहुतेक मंडळांत जमत नाही. मग मूर्तीसारखीच एक वीतभर शाडूची मूर्ती चौथऱ्याजवळ ठेवा, हाताने पाहायला. सोंड कुठल्या बाजूला, हातात काय, आसन कसं हे बोटांनी कळतं. देखावा असेल तर त्याचं छोटं पुठ्ठ्याचं मॉडेल. 'फिरता देखावा, पाच मिनिटांचा शो' असेल तर त्यातल्या निवेदनात काय दिसतंय ते दोन वाक्यांत बोला. नुसतं पार्श्वसंगीत आणि लाइट असले की शेजारी उभ्या माणसाला विचारत बसावं लागतं.

नारळफोड्या
आरत्यांचं पुस्तक ब्रेलमध्ये करून घ्यावं का? कुठे होतं?

पांढरी_काठी
होतं. मुंबईत वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे ब्रेल छपाईचं काम चालतं, पुण्यात अंधशाळांकडे चौकशी करा. मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांची ब्रेल लिपी. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, त्यामुळे सगळ्या आरत्यांचा ग्रंथ करू नका. तुमच्या मंडळात रोज ज्या चार-पाच म्हणतात त्याच, ओळीने. प्रती पाच पुरेत. वर वजन ठेवू नका, ठिपके दबतात.

पण सगळे दृष्टिहीन ब्रेल वाचत नाहीत. उतारवयात मधुमेहाने किंवा काचबिंदूने नजर गेलेल्यांनी ब्रेल शिकलेलं नसतं. त्यांतल्या ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी २४ पॉइंटच्या अक्षरांत, मॅट पिवळ्या कागदावर काळ्या शाईने छापलेल्या प्रती काढा. चकचकीत आर्टपेपर नको, वरचा दिवा त्यात चमकतो आणि अक्षर जातं. या मोठ्या अक्षरांच्या प्रती आजी-आजोबा पळवतात, म्हणून पंचवीस तरी काढा.

शंकासुर
बरं, एक अडचणीचा प्रश्न. मांडवात चप्पल काढून जातात. व्हीलचेअरची चाकं रस्त्यावरून आलेली. ती गणपतीसमोर कशी चालतील? लोक बोलणारच.

आडवी_रेघ
प्रश्न विचारलात ते बरं झालं. लोक कुजबुजतात आणि तो माणूस पुन्हा येत नाही.

चाकं म्हणजे चपला नाहीत, पाय आहेत. आपण पाय कापून आत येत नाही, धुऊन येतो. रॅम्पच्या पायथ्याशी काथ्याचं पायपुसणं, चाकाचा पूर्ण फेरा बसेल एवढं लांब. मोठ्या चाकाचा घेर साधारण सहा फूट, तेव्हा सात फुटी पट्टी घ्या, त्यावरून चाकं फिरली की माती निघते. शेजारी ओलं फडकं आणि कोरडं फडकं. कार्यकर्त्याने विचारून पुसावीत, चेअर हलवून नाही.

आता चपलांचं. पोलिओचा कॅलिपर (पायाला आधार देणारा सळ्यांचा सांगाडा) असलेल्यांचा बूट कॅलिपरच्या सळ्यांनाच जोडलेला असतो. "बूट काढा" म्हणजे त्यांना "पाय काढून ठेवा" सांगणं झालं. याउलट जयपूर फूट हा कृत्रिम पाय अनवाणी चालण्यासाठीच घडवलेला आहे, तो घातलेला माणूस चप्पल काढूनही येईल. म्हणून चपला सांभाळणाऱ्याला एकच वाक्य शिकवा: "काढता येत असेल तर काढा, नाहीतर पुसून देतो." तपासणी नको.

कुबड्यांचे रबरी बूच पुसायला द्या, आणि झिजलेलं बूच ओल्या फरशीवर घसरतं म्हणून प्लायवर पाणी साचू देऊ नका.

घोळक्यातला_एक
"पाय कापून आत येत नाही" हे वाक्य फळ्यावर लिहून लावा राव.

आडवी_रेघ
नको, लोक घाबरतील :)

प्रसादाचं सांगायचं राहिलं. दोन कुबड्यांवरच्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले. त्याच्यापुढे तीर्थाची पळी आणि हातावर शिरा केला की तो काय करणार? प्रसाद बंद कागदी पिशवीत, दोऱ्याच्या मुठीची, मनगटात अडकेल अशी. दृष्टिहीन व्यक्तीला आधी बोलून सांगा: "उजव्या हाताशी द्रोण आहे, त्यात पंचखाद्य." मुकाट हातात कोंबू नका. प्रसादाचं आणि देणगीचं टेबल ७५० ते ८०० मिमी, म्हणजे घरातल्या जेवणाच्या टेबलाएवढं. स्टॉलवाले देतात ते साडेतीन फुटी काउंटर चेअरवरून नाकासमोर भिंत.

हातवारे
कर्णबधिर मंडळींबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. ते दर्शनाला येतातच, त्यांना कुणी अडवत नाही. अडतं ते कार्यक्रमात. व्याख्यान, बक्षीस समारंभ, सूचना, "लहान मुलगा हरवलाय"… सगळं माइकवर.

मुख्य कार्यक्रमाला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक्-श्रवण दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांचं शिक्षण होतं, तिथून किंवा जिल्ह्यातल्या कर्णबधिर संघटनेकडून नावं मिळतात. तासाच्या वरचा कार्यक्रम असेल तर दोघे लागतात, वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून, कारण डोकं आणि खांदे दोन्ही थकतात. दुभाष्याला वक्त्याच्या शेजारी उभं करा, कोपऱ्यात नाही. तोंडावर आणि हातांवर स्थिर पांढरा उजेड, मागे एकरंगी पडदा. मागे चमचमत्या झालरी असल्या की हात दिसत नाहीत. आणि सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवा, दिवे मालवून 'वातावरणनिर्मिती' करायची नाही. अंधारात सांकेतिक भाषा बंद पडते. भाषणांचा मजकूर, पाहुण्यांची नावं आदल्या दिवशी द्या. आयत्या वेळी आलेलं 'श्रीमान अमुक अमुक, माजी अमुक समिती अध्यक्ष' बोटांनी अक्षर-अक्षर लिहावं लागतं.

सगळ्यांनाच सांकेतिक भाषा येत नाही. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना पडद्यावरचा मजकूर लागतो. गूगलच्या लाइव्ह ट्रान्सक्राइबला मराठी समजते.

मिक्सरवाला
समजते, पण फोन स्पीकरसमोर धरलात तर ती कविता करते. घुमणारा आवाज आणि मागचा गोंगाट यातून तिला शब्द सुटे करता येत नाहीत. बरोबर पद्धत: मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज वेगळा बाहेर काढायच्या जादा जोडणीतून) फक्त वक्त्याच्या माइकचा आवाज साउंड कार्डमार्गे लॅपटॉपला द्या. त्यात गाणी, ढोल, इफेक्ट काही नको. तिकडे गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग लावा, अक्षर ४८ च्या वर, काळ्यावर पांढरं, आणि तो स्क्रीन प्रोजेक्टरवर. शेजारी एक जण चुका दुरुस्त करायला बसवा, विशेषतः नावं. विंडो बदलली की टायपिंग थांबतं, म्हणून त्या लॅपटॉपवर दुसरं काही उघडायचं नाही. व्हॉट्सॲप तर नाहीच, सगळ्या गल्लीला मेसेज दिसतील.

आणि माइक हातात असताना "माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको" म्हणणारा वक्ता प्रत्येक कार्यक्रमात एक असतो. त्याला माइक द्याच. ऑक्समध्ये आवाज गेला नाही तर पडदा कोरा राहतो.

आडवी_रेघ
आवाजावरूनच. स्वमग्न मुलं आणि मोठी माणसं, काही बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती, यांना मांडव नको असतो असं नाही. ढोल, लेझर, धूप, गर्दीचा स्पर्श हे सगळं एकदम अंगावर येतं, ते सोसत नाही. त्यांच्यासाठी दिवसातला एक तास शांत ठेवा. दुपारी दोन ते चारमध्ये मांडव तसाही रिकामाच असतो, त्यातला एक तास. स्पीकर बंद, दिवे स्थिर, धूप-कापूर नाही, एका वेळी चार-पाच कुटुंबं. वेळ बॅनरवर आणि ग्रुपवर रोज तीच हवी. आज तीनला, उद्या साडेतीनला केलंत की आई-वडील येत नाहीत, कारण मुलाला आदल्या दिवसापासून तयार करावं लागतं. त्यासाठी गेट, रांग, मूर्ती, प्रसादाची जागा, बाहेर जायची वाट असे पाच फोटो क्रमाने ग्रुपवर टाका. मूल ते घरी बघून येतं. साइटवर काम करताना लावतात ते कानांवरचे मफ चार-पाच जोड्या गेटपाशी ठेवा.

त्या तासात मुलाने चौथऱ्याभोवती वीस चकरा मारल्या तर मारू द्या. जोरात हसला तरी पुजारीकाकांनी डोळे वटारायचे नाहीत.

एरवीच्या आवाजाचं: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. श्रवणयंत्र लावणाऱ्याला ढोल दहा फुटांवरून म्हणजे कानात हातोडा. स्पीकर गेटच्या तोंडाशी ठेवू नका, येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरून जातो.

मिक्सरवाला
आणि स्ट्रोब लाइट! सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा दिवा काही जणांना फिट आणू शकतो, पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान धोका सगळ्यात जास्त. स्ट्रोब वापरूच नका. फिट आलीच तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा हे काही करायचं नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

शंकासुर
सगळं मान्य. पण सोपं म्हणून दिव्यांगांसाठी वेगळी रांग करून टाकावी ना? व्हीआयपींची असते तशी.

चाकोरी
वेगळी रांग कुठून काढणार? मागच्या दाराने, जनरेटर आणि कचऱ्याच्या पिंपाशेजारून. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. सोबत "एकच माणूस" असा नियम, म्हणजे घरचे पुढून आणि हा मागून. सणाला सहकुटुंब यायचं आणि गेटवर फुटायचं.

मुख्य गेट, मुख्य वाट, तीच सगळ्यांची. त्यासाठी रांगेचे बॅरिकेड दोन फुटांऐवजी तीन फूट अंतरावर लावा आणि वळणावर पाच फूट सोडा. एवढ्याने निम्मं काम होतं. राहिला उभं राहण्याचा प्रश्न. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना टोकन द्या आणि खुर्चीत बसवा, नंबर आला की मुख्य रांगेतूनच पुढे. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही, उन्हात ताप चढतो, म्हणून ती बसायची जागा सावलीतच हवी. रांगेत दर तीस-चाळीस फुटांवर एक बाक.

टोकन देताना कार्ड मागू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन हे सगळे त्यात येतात. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या मंडळात सिकलसेलचा तरुण धडधाकट दिसेल आणि तासभर उभं राहिल्याने रात्री वेदनांनी तळमळेल. "धट्टाकट्टा दिसतोस की" हे गेटवर म्हणायचं वाक्य नाही. चार फसवे लोक बसून गेले तर जाऊ देत, देवाच्या दारातच गेले ना.

मेटल डिटेक्टरची चौकट असेल तर तिची आतली रुंदी साधारण अडीच फूट. चेअर घासत जाते आणि वाजतेच. शेजारी तीन फुटी मोकळी फट ठेवा, विचारून हाताने तपासा. पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असलेल्यांनाही तिथूनच सोडा.

कायदेकानू
थोडं कायद्याचं. हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत सहभागाची सोय करण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा परवानगीच्या अर्जाच्या नकाशात रॅम्प दाखवा, म्हणजे ऐन वेळी "अतिक्रमण" म्हणून कुणी काढायला लावणार नाही. फिरत्या शौचालयांपैकी एक तरी पायरी नसलेलं मागा. ते न मिळाल्यास जवळच्या शाळेचं किंवा दुकानाचं तळमजल्यावरचं, ज्याचं दार ९०० मिमी आहे आणि बाहेर उघडतं, ते दहा दिवसांसाठी बोलून ठेवा.

स्थानिक स्वराज्य संस्थांना उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. समाजमंदिराला कायमचा काँक्रीटचा रॅम्प हवा असेल तर त्याची मागणी तिथे करा. म्हणजे प्लायचा रॅम्प दरवर्षी बांधायची आणि सोडायची गरज उरणार नाही.

आणि कलम ९२: लोकांसमोर मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. स्किटमध्ये तोतऱ्याची, लंगड्याची नक्कल करून हशा मिळवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

घोळक्यातला_एक
'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग'? बॅनरवर काय छापू?

पांढरी_काठी
सरकारी कागदात 'दिव्यांग'. अनेकांना तो शब्द गोड गोड वाटून आवडत नाही, अनेकांना 'अपंग' टोचतो. माणूस समोर असेल तर नावाने हाक मारा, वाद मिटला. बॅनरवर लोकांबद्दल काही लिहूच नका, सोयीबद्दल लिहा: 'मुख्य गेटवर रॅम्प आहे. दुपारी ३ ते ४ शांत दर्शन. शनिवारच्या कार्यक्रमाला सांकेतिक भाषा.' ज्याला हवंय त्याला कळतं.

आणि तो 'दिव्यांग बांधवांचा सत्कार' नावाचा कार्यक्रम वगळा. शाल-श्रीफळ द्यायला स्टेजवर बोलावतात, स्टेजला रॅम्प नसतो, मग दोघे धरून चढवतात, फोटो निघतो. वर्षभर त्या माणसाला कुणी वर्गणीच्या बैठकीलाही बोलावलेलं नसतं.

हातवारे
हाच मुद्दा मोठा आहे. पाहुणे म्हणून बोलावू नका, कामाला लावा. बैठक तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय असते, ती पार्किंगमध्ये घ्या. देणगीच्या टेबलावर दृष्टिहीन कार्यकर्ता सहज बसतो: यूपीआयचा साउंडबॉक्स मराठीत रक्कम बोलतो, पावती बोलणाऱ्या फोनवरून. कर्णबधिर मुलं सजावट, लायटिंग, गर्दीवर नजर यात तरबेज असतात, वॉकीटॉकीऐवजी ग्रुपवर मेसेज आणि ठरलेल्या चार खुणा एवढं ठरवा.

वर्गणीला घरोघरी जाताना "घरात कुणी अपंग आहे का?" विचारू नका, दार बंद होतं. "घरात कुणाला मांडवात यायला काही अडचण येते का?" असं विचारा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या काकूपासून सगळे बाहेर येतात.

स्पर्धा: हाउजीचे आकडे बोला आणि फळ्यावरही लिहा. निबंधाला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ, परीक्षांमध्ये देतात तसा. अंताक्षरीच्या रात्री एक फेरी मूकाभिनयाची घ्या, आणि कर्णबधिर संघासमोर जिंकून दाखवा.

नारळफोड्या
पुष्कळ झालं, आभार. मांडववाल्याला कागद दिला, तो "नऊ इंच म्हणजे शोभा जाणार" म्हणत होता, पण तयार झालाय. शेवटचं: विसर्जन. चौपाटीला वाळूत काय करायचं?

गुण्या_सुतार
ती रॅम्पची उरलेली शीट घेऊन चला, आणि तिच्या जोडीला अजून दोन. वाळूवर एक, दोन, तीन अशा ओळीने टाका, चेअर पुढच्या शीटवर गेली की मागची उचलून पुढे. ओल्या, घट्ट वाळूपर्यंतच न्या. भरतीची वेळ आधी बघून घ्या.

चाकोरी
मिरवणुकीत चेअर ढोलपथकाच्या मागे ठेवा, पुढे नाही, आणि ट्रॅक्टरच्या चाकाशेजारून कधीच नाही. गुलाल चेअरपासून लांब. तो पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये बसतो, घामाने ओला झाला की हाताने फिरवायची कडी निसरडी होते आणि उतारावर पकड सुटते. फुलं उधळा. परत आल्यावर चाकं कोरड्या ब्रशने झाडा, मग पुसा. आधी पाणी मारलंत तर गुलालाची पेस्ट होते आणि ती आतच राहते.

पांढरी_काठी
आणि मांडव उतरवल्यावर बांबूंचे खड्डे त्याच दिवशी बुजवा. दहा दिवस त्या गल्लीत काठीला वाट पाठ झालेली असते.